खोडातले पाणी

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारावरून जाणाऱ्याला एक विसंगती दिसते. जमीन भेगाळलेली, ओढे आटलेले, पायाखाली पाचोळा. आणि अशातच सावर, पांगारा ही निष्पर्ण झाडे लालभडक फुलांनी डवरलेली! शेवटचा पाऊस होऊन चार-पाच महिने झालेले असतात. मग या फुलांना पाणी मिळते कोठून?

मुळात पाणी वर चढते कसे, हाच प्रश्न मोठा आहे. वर बसवलेल्या पंपाला विहिरीतले पाणी सुमारे १० मीटरपेक्षा अधिक ओढता येत नाही. जंगलातली झाडे तर ३०-४० मीटर सहज गाठतात. मुळे खालून रेटा देतात, परंतु तो अपुरा. खोडातल्या जिवंत पेशी पाणी वर लोटतात, या मताचा जगदीशचंद्र बोस यांनी हिरिरीने पुरस्कार केला होता. वस्तुतः त्यापूर्वीच, १८९० च्या सुमारास, स्ट्रासबर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांना विषारी द्रावण पाजून त्या पेशी मारून पाहिल्या होत्या. पाणी तरीही चढतच राहिले!

उलगडा केला डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी, १८९४ मध्ये. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून एक कण वाफ होऊन गेला की मागचा त्याच्या जागी ओढला जातो आणि ही ओढ थेट मुळापर्यंत पोहोचते. म्हणजे पाण्याचा एक अखंड दोरच. ओढणारा सूर्य, झाडाला खर्च जवळजवळ नाही.

पण ताण फार वाढला तर जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो व दोर तुटतो. पानगळ होते ती बऱ्याच अंशी या भीतीने. पाने गेली की ओढ थांबते, आणि सावरीसारख्या हलक्या, मऊ लाकडाच्या खोडात साठलेले पाणी कळ्यांच्या कामी येते. कोस्टारिकातील कोरड्या जंगलांत बोर्शर्ट यांनी १९९४ मध्ये हेच दाखवून दिले : हलक्या लाकडाची झाडे ऐन दुष्काळात फुलतात, कोरड्या जागेवरच्या जड लाकडाच्या झाडांना मात्र पावसाची वाट पाहावी लागते. मादागास्करमधली अवाढव्य गोरखचिंचही खोडातले पाणी पावसाआधीची नवी पालवी फोडण्यासाठी खर्च करते. रोजच्या बाष्पीभवनासाठी ती त्याला सहसा हात लावत नाही. गृहिणीने अडीनडीचे पैसे वेगळे ठेवावेत, तसेच हे!

आपला ऐन मात्र या हिशोबात बसत नाही. मगरीच्या पाठीसारखी साल, लाकूड चांगले जड, तरीही काही खोडांत पाणी भरलेले असते. मार्च २०२४ मध्ये आंध्रातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी कोंडा रेड्डी आदिवासींच्या सांगण्यावरून अशा एका झाडाची साल छेदली, तेव्हा पाण्याची धार लागली. ते चलत्चित्र देशभर पाहिले गेले. मला धास्ती वाटते ती त्यापुढची. प्रत्येक ऐनात पाणी नसते, आणि कोयत्याच्या प्रत्येक घावातून बुरशीला वाट मिळते. तहानेपोटी जपलेले ज्ञान सहलीच्या गमतीसाठी वापरले, तर विदर्भात ज्याच्या पाल्यावर टसरचे किडे पोसले जातात त्या झाडाचे काय व्हायचे?

कुतूहल असेल त्याने खोडाभोवती धातूची पट्टी स्प्रिंगने ताणून बसवावी. दिवसा खोड केसभर आकसते, रात्री पुन्हा फुगते. साठ्याची ही रोजची देवघेव त्या पट्टीवर मोजता येते.