मंडळीचा पैसा आणि मिशनचे काम

ख्रिस्ती मंडळीने जमलेला पैसा आधी कशावर खर्च करावा, हा वाद मंडळीइतकाच जुना आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या मंडळीतली एक तक्रार नोंदलेली आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते. प्रेषितांनी वाटपासाठी सात माणसे नेमली आणि स्वतः प्रार्थना व उपदेश यांना वाहून घेतले. अन्न आणि उपदेश या दोन्ही कामांना माणसे मिळाली. पुढे पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस यांनी चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे करण्याचा दंडक घालून दिला: बिशप, इतर धर्मसेवक, गरीब आणि इमारती. बाकीचे भागून उरले तर गरिबांना, अशी सोय त्यात नव्हती. गरिबांचा वाटा आधीच काढून ठेवायचा होता.

परदेशी मिशनांचा काळ आला आणि हा वाद अधिक अवघड झाला, कारण पैसा देणारे एका खंडात आणि तो जिथे खर्च व्हायचा ती माणसे दुसऱ्या खंडात, अशी स्थिती निर्माण झाली. तिचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली परदेशी मिशनांसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले. त्याचा कारभार बॉस्टनमधून चाले आणि पैसा गावोगावच्या मंडळ्यांच्या वर्गणीतून येई. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. बाजारात उपदेश करणे, मराठीत पुस्तके छापणे आणि शाळा चालवणे ही कामे सुरुवातीपासून एकमेकांत मिसळलेली होती. मुंबईत मिशनने मुलींसाठी १८२४ मध्ये शाळा काढली, १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र उघडले आणि तिथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले.

अडचण १८३७ मध्ये आली. अमेरिकेत आर्थिक मंदीने बँका आणि व्यापार कोलमडले, वर्गण्या आटल्या आणि बोर्डाने सर्व केंद्रांना खर्च कापायला सांगितले. कात्री पहिली शाळांवर चालली. त्या काळी बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन होते. १८३२ ते १८६६ अशी चौतीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले आणि मिशनच्या पैशाचा इतका खोल विचार त्या शतकात फार थोड्यांनी केला. त्यांची भूमिका साधी होती. मिशनचे काम स्थानिक मंडळी उभी करण्याचे आहे. त्या मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि सुवार्ता आपण पसरवावी. तसे झाले की मिशनऱ्याने पुढच्या गावी जावे. शाळा, छापखाना, दवाखाना यांना या उद्देशाला मदत होईल तेवढीच जागा. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री वेन त्याच सुमारास याच विचाराला आले होते.

अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन १८५४-५५ मध्ये भारत आणि श्रीलंकेतली केंद्रे स्वतः पाहायला आले. इंग्रजी शाळांबद्दल त्यांचा आक्षेप दुहेरी होता. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरीत जातो आणि मंडळीला त्याचा उपयोग होत नाही. तो पाळक झालाच तर त्याला लागणारा पगार खेड्यातली मंडळी देऊ शकत नाही, म्हणून तो कायम परदेशी पैशावर अवलंबून राहतो. या भेटीनंतर इंग्रजी शिक्षणावरचा खर्च आखडला. श्रीलंकेतल्या जाफना भागातली बट्टिकोटा सेमिनरी १८२३ पासून चालत आलेली नामांकित संस्था होती. ती १८५५ मध्ये बंद झाली. दुसरीकडे, याच भेटीच्या काळात, १८५४ च्या अखेरीस, नगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. चाळीस वर्षे काम केलेल्या मिशनमध्ये मराठी माणसाच्या हाती मंडळी देण्याचे हे मोठे पाऊल होते, आणि त्याचे श्रेय अँडरसन यांच्या आग्रहाला द्यावेच लागते.

मात्र खर्च आपण उचलावा हे वाक्य बॉस्टनमध्ये लिहायला सोपे होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पुढे जे ख्रिस्ती झाले त्यांत महार समाजाची कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. बलुत्याचे धान्य आणि मजुरी एवढीच त्यांची मिळकत. रोख पैसा हाती क्वचितच येई. अशा मंडळीकडून पाळकाच्या पगाराची अपेक्षा करायची तर अर्पण धान्याच्या रूपातही स्वीकारावे लागते आणि पाळकाने गावासारखेच राहावे लागते. खेड्यांतल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला ज्वारी, भाजी, कोंबडी, अंडी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. अशा मंडळीचा हिशेब रुपयांच्या रकान्यात पुरता मावत नाही. मिझोरमच्या मंडळ्यांनी हेच तत्त्व पूर्णत्वाला नेले. तिथल्या घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढते, महिला मंडळाच्या सभासद घरोघरी फिरून ते तांदूळ गोळा करतात आणि विक्रीचा पैसा मंडळीच्या कामाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सुरू झालेल्या या रिवाजाने मिझो मंडळ्यांना स्वतःचे मिशनरी देशभर पाठवण्याचे बळ दिले. गरीब मंडळीही आपल्या पायावर उभी राहू शकते, हे अँडरसन यांचे म्हणणे इथे खरे ठरले.

शाळांबाबत मात्र ते चुकले. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या शाळांतून किती मुली ख्रिस्ती झाल्या, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे भरणार नाही. पण जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना तिथून मिळाली. महाराष्ट्राच्या इतिहासात मिशनच्या पैशाचे इतके मोठे फळ दुसरे दाखवता येणार नाही, आणि ते मिशनच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांच्या आकड्यात कुठेच दिसले नसते. बोर्डाचेच मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. शाळांवरून बोर्डाशी त्यांचे बिनसले, तेव्हा १८६१ मध्ये ते बोर्डाच्या पैशाविना कोल्हापूरला परतले आणि शाळांची बाजू पुस्तकातून मांडली. १८७० मध्ये त्यांचे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. याच मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. एका सचिवाच्या धोरणापुढे वाइल्डर नमले असते, तर दक्षिण महाराष्ट्रातले हे काम कोणत्या वळणाला गेले असते, सांगता येत नाही.

शाळा-दवाखाने ही उपदेशाची साधने आहेत की स्वतंत्र सेवा, हा प्रश्न अमेरिकेत १९३२ मध्ये पुन्हा उफाळला. सात पंथांच्या सामान्य सभासदांनी जॉन रॉकफेलर धाकटे यांच्या पैशावर आशियातल्या मिशनांची पाहणी करवली. तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सेवा ही सेवा म्हणूनच करावी, असा निष्कर्ष काढला आणि त्यावर कडाडून टीकाही झाली.

आज महाराष्ट्रात या मंडळ्यांचे वारस बरेचसे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाले. परदेशी मदतीवर आता विदेशी अनुदानाच्या कायद्याचे बंधन आहे. २०२० च्या दुरुस्तीने अशा पैशातून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. त्यामुळे अँडरसन यांनी मांडलेला स्वावलंबनाचा प्रश्न आता टाळता येत नाही. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनी शहरांच्या मध्यावर आहेत आणि त्यांच्या किमती प्रचंड वाढल्या आहेत. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अशा विक्रीतून आलेला पैसा पगारात आणि रंगरंगोटीत संपवणे म्हणजे पूर्वीच्या वर्गणीदारांनी आणि खेड्यातल्या देणाऱ्यांनी दिलेले भांडवल खाऊन टाकणे होय. त्या पैशावर पहिला हक्क शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांचा आहे. पाळकाचा पगार आणि उपासनेचा खर्च मात्र सभासदांनी आपल्या दशांशातून उचलावा. तिथे अँडरसन यांचा नियम आजही चालवण्याजोगा आहे. आणि गरिबांचा वाटा, गेलासियस यांच्या काळाप्रमाणे, अंदाजपत्रक मांडतानाच वेगळा काढावा. कोणत्या कामाला किती, हे ठरवताना खेड्यातल्या मंडळ्यांचे पंच आणि महिला मंडळ यांचे मत शहरातल्या समितीच्या मताइतकेच मोजले गेले पाहिजे. नोंदलेल्या न्यासाला लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. प्रत्येक सभासदाने आपल्या मंडळीचे हे हिशेब मागावेत, ते वार्षिक सभेत मराठीतून वाचायला लावावेत आणि मगच मत द्यावे.