पृष्ठसिद्धता, घरगुती रंगकामातील

भिंती, लाकूडकाम, लोखंडी गज इ. घरातील पृष्ठभागांवर रंगलेप देण्यापूर्वी ते कोरडे, स्वच्छ, घट्ट व किंचित खरखरीत करण्याच्या क्रियांना पृष्ठसिद्धता म्हणतात. रंगाचे पापुद्रे सुटू लागले की दोष सामान्यतः रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुधा लेपाखालचा थरच सुटलेला असतो.

भिंती : सिमेंटच्या नव्या गिलाव्यात पाणी व मुक्त चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) असतो. ओलसर गिलाव्यावर तेलरंग दिल्यास चुन्यामुळे रंगातील तेलाचे साबणीकरण (तेलाची अल्कलीशी विक्रिया होऊन साबण बनण्याची क्रिया) होते व लेप मऊ, चिकट होतो. म्हणून गिलावा पूर्ण वाळू द्यावा व प्रथम अल्कलीरोधी अस्तर द्यावे. महाराष्ट्रात रंगकाम बहुधा दिवाळीच्या तोंडावर काढले जाते. तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि भिंती, विशेषतः कोकण व गोव्यातील सच्छिद्र जांभ्याच्या, वरून कोरड्या दिसल्या तरी आतून ओल्या असतात. पॉलिथिनचा तुकडा कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस दव जमल्यास थांबणे श्रेयस्कर. सणाची घाई येथे महागात पडते. ओल गच्चीतून वा नळातून येत असेल, तर आधी गळती बंद करावी; कोणतेही अस्तर तिला फार काळ रोखीत नाही.

भिंतीवरील लोणा (पाण्याबरोबर पृष्ठावर येऊन स्फटिकरूपाने साचलेली लवणे) कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास लवणे विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतात. जुन्या सफेदीवरून तळहात फिरविल्यावर पांढरी भुकटी लागली, तर ती सफेदी खरवडून काढावी लागते. तिच्यावर दिलेला नवा लेप सफेदीसकट सुटतो. भेगा थोड्या रुंद करून भराव्यात.

लाकूड व लोखंड : लाकडाच्या गाठींतून राळ झिरपते, म्हणून त्यांवर लाखेच्या द्रावणाचा हात द्यावा. खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची लांबी अस्तरानंतरच भरावी. उघडे लाकूड तिच्यातील तेल शोषून घेते व कोरडी झालेली लांबी निखळते. हा क्रम कारागीरही पुष्कळदा उलटवितात. काचकागद धाग्यांच्या दिशेने फिरवावा. लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशाने काढून त्याच दिवशी गंजरोधी अस्तर द्यावे.

जुने लेप : पूर्वीच्या तेलरंगांत सफेता, अस्तरांत शेंदूर व शोषकांत (रंग लवकर वाळविणाऱ्या द्रव्यांत) शिशाची इतर संयुगे असत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम 2016 मध्ये करण्यात आला व तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या कोरडी घासल्यास शिसेयुक्त धूळ उडते. ती पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. असे लेप दिव्याच्या ज्योतीने जाळू नयेत. पाण्यात चालणारा काचकागद वापरून ओलेच घासावे, मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे, जमिनीवर कापड अंथरून खरवड गोळा करावी आणि खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.