काळ्या चिखलातला गंधक

ओलपाड तालुक्यात माझे मामा कोळंबीच्या तळ्यावर देखरेखीचं काम करतात. सुरतकडे कोळंबीला ‘झिंगा’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा मामांनी विचारलं, “तू केमिस्ट्री शिकतोस ना? मग सांग, खाडीच्या कडेचा हा चिखल खणून बांध उंच केला तर चालेल का?” चिखल फुकटचा. मी ‘हो’ म्हणणारच होतो, पण मामांनी एक फावडं मारलं आणि सडक्या अंड्यांचा वास आला.

हा वास गंधकाचा नव्हे बरं का! नावात ‘गंध’ असला तरी शुद्ध गंधकाला वास जवळपास नसतोच. वास येतो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तो चिखलात तयार कसा होतो?

भरतीबरोबर समुद्राचं पाणी खाडीत शिरतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. तिवरांची पानं, मुळं चिखलात गाडली जातात आणि वरच्या काही मिलिमीटरच्या खाली प्राणवायू संपतो. मग तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वास घेतात. आपल्या श्वसनात प्राणवायूचं पाणी होतं, तसं त्यांच्या श्वसनात सल्फेटचं सल्फाइड होतं. गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट कमी असतं, म्हणून तिथे मिथेनचे बुडबुडे जास्त.

सल्फाइडला मातीतलं लोह भेटलं की काळं आयर्न सल्फाइड बनतं. चिखलाचा काळेपणा बराचसा त्याचाच. ती नुसती घाण नव्हे. पुढे त्यात आणखी गंधक मिसळून पायराइट तयार होतं. पाण्याखाली, हवा न लागता, ते हजारो वर्षंही निवांत पडून राहतं. विषारी वायू लोहात बांधून ठेवलेली ही एक बंद कोठीच म्हणा ना.

ही कोठी उघडली तर? पायराइटला हवा आणि ओलावा मिळाला की त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं. असा चिखल बांधावर घातला, तर पावसात ते आम्ल थेट तळ्यात उतरणार आणि मातीतलं ॲल्युमिनियमही विरघळवून सोबत आणणार. दोन्ही कोळंबीला घातक. केरळात कुट्टनाडमध्ये ‘करी’ नावाच्या काळ्या जमिनी आहेत. त्यांत अर्धवट कुजलेलं जुनं लाकूड सापडतं. ही माती सुकली की सामू 4 च्याही खाली जातो. भातशेती करणारे तिथले शेतकरी पाणी खेळवून आम्ल धुऊन काढतात, चुना घालतात.

मामा म्हणाले, “अरे, पण आम्ही दर हंगामानंतर तळं सुकवतोच की!” बरोबर आहे, आणि ते करायलाच हवं. तळ्याच्या तळाशी एका हंगामाचं उरलेलं खाद्य आणि विष्ठा असते. त्यातलं थोडं सल्फाइड ऊन-हवा मिळाल्यावर पुन्हा सल्फेट होतं आणि होणारं आम्ल चुना मारतो. तसंच राहू दिलं, तर तोच वायू पुढच्या पिकाला मारतो. खाडीकाठच्या चिखलात मात्र शतकांचा साठा असू शकतो. म्हणजे हवा तीच. एका ठिकाणी औषध, दुसऱ्या ठिकाणी अपाय.

अर्थात सगळा चिखल सारखा नसतो. त्यात शंख-शिंपल्यांचा चुना भरपूर असेल, तर आम्ल जागच्या जागी संपतं. नुसत्या रंगावरून किंवा वासावरून ते कळत नाही. त्यासाठी चिखलाचा पातळ थर उघड्यावर, ओलसर ठेवायचा आणि दोन महिने तरी सामू मोजत राहायचं. तो 4 च्या खाली उतरला, तर त्या मातीला हात लावायचा नाही.

दोन ताटल्या आता माझ्या खिडकीत आहेत. एकीत शिंपल्यांचे तुकडे दिसतात, दुसरीत नुसती मुळं. पहिल्या दिवशी दोन्हींचा सामू 7 च्या आसपास होता. मामा दर रविवारी फोन करून विचारतात, “काय म्हणतोय चिखल?”

मी सांगतो, “थांबा मामा, अजून बोलला नाही.”

तोवर त्यांचं फावडं भिंतीला टेकलेलं आहे.