रिकाम्या जागेचे लिंग : मुक्तस्रोत प्रकल्पातील अनुवादकाचा वाटा

मुक्तस्रोत आज्ञावली प्रोग्रॅमर घडवितात, हे खरे असले तरी तिच्या घडणीत अनुवादकाचाही वाटा असतो, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने 'डेबियन'च्या पायावर उभारलेली आणि २००७ मध्ये प्रथम प्रसृत केलेली 'बॉस' ही संगणकप्रणाली मराठी व तमिळ या दोन्ही भाषांत वापरता येते. अशा प्रणालीच्या पडद्यावरील अनेक वाक्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांत ठिकठिकाणच्या अनुवादकांनी घातलेली भर असते.

अनुवादकाच्या हाती येते ती साधी मजकुराची फाइल : वर इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी मोकळी ओळ. प्रसंग दिसत नाही, वक्ताही नाही. काही वाक्यांत एक जागा रिकामी असते. निवडलेल्या वस्तूचे नाव तेथे ऐनवेळी भरले जाते. 'अमुक हटविले', एवढाच निरोप. इंग्रजीला त्यात अडचण नाही. मराठीत मात्र संदेश हटविला जातो, फाइल हटविली जाते, चित्र हटविले जाते. आणि नाम तर अजून यावयाचे आहे! 'गेटटेक्स्ट' या प्रचलित साधनात वचनभेदाची सोय आहे, लिंगभेदाची नाही. एखादा वैयाकरण भावे प्रयोग सुचवील : 'फाइलला हटविले'. पण निर्जीव कर्माचा हा 'ला' कानाला खटकतो. शिवाय 'संदेशाला' हे सामान्यरूप यंत्राने कोठून आणावे? मग 'हटविण्याची क्रिया पूर्ण' अशी कारकुनी वाक्ये जन्मास येतात. संगणकीय मराठीच्या रुक्षपणाचा दोष अनुवादकाच्या संस्कृतप्रेमाला दिला जातो. माझ्या मते त्यातील बराचसा या रिकाम्या जागेचा आहे.

तमिळमध्ये हा पेच उद्भवत नाही. तोल्काप्पियमपासून चालत आलेल्या 'उयर्तिणै' आणि 'अक्रिणै' या विभागणीत वस्तू सरसकट दुसऱ्या वर्गात पडतात. एकवचनी क्रियापद सर्वांना एकच पुरते.

साहित्याच्या अनुवादकाला मूळ संहितेस हात लावता येत नाही. येथे मुक्त परवानाच तो अधिकार देतो. वस्तूचा प्रकार आज्ञावलीला ठाऊक असेल, तर एका वाक्याची तीन वाक्ये करणारी दुरुस्ती अनुवादक प्रकल्पाकडे पाठवू शकतो. ती स्वीकारणे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या हाती. स्वीकारली गेल्यास मराठीच्या लिंगविचाराने इंग्रजी मूळच बदलते, आणि इंग्रजी वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तमिळ अनुवादकाला मात्र त्यानंतर तेच क्रियापद तीन वेळा लिहावे लागते.