रोज एकच गोष्ट

आमच्या वेळी प्रेमकथा भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचावी लागे. माझी मुलगी ती जेवणाच्या टेबलावर उघडी टाकून जाते. तसंच ‘माय ट्रू लव्ह गेव्ह टू मी’ माझ्या हाती लागलं. स्टेफनी पर्किन्स यांनी संपादित केलेला हा इंग्रजी संग्रह २०१४ चा. बारा लेखकांच्या बारा प्रेमकथा, नायक-नायिका कोवळ्या वयाची, काळ हिवाळ्यातल्या सणांचा.

एका बैठकीत वाचायला घेतला आणि चौथ्या कथेला कंटाळले. दोष कथांचा नव्हता. कादंबरीत प्रेम जुळतं, तुटतं, पुन्हा जुळतं. कथेत तेवढी जागा नसते. ती बहुधा कबुलीच्या क्षणाशी येऊन थांबते. असे क्षण लागोपाठ आले की पुढचा फिका पडणारच. गझलेत रदीफ एकच, पण शेर प्रत्येक स्वतंत्र. दोन शेरांमध्ये श्वास घ्यावा लागतो. मग मी रोज एकच कथा वाचू लागले.

रेनबो रॉवेल यांची ‘मिडनाइट्स’ एकेका वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीतून सरकते. मुलाला कितीतरी पदार्थांची अ‍ॅलर्जी. त्याला काय चालत नाही, हे मुलगी ध्यानात ठेवते. प्रेम म्हणजे आणखी काय हो?

डेव्हिड लेव्हिथन यांच्या कथेत एक ज्यू मुलगा आपल्या प्रियकराच्या धाकट्या बहिणीसाठी सांताक्लॉज होतो. सण त्याचा नाही. तिथे मी पुस्तक मिटून बसले. शेजारच्या गणपतीपुढे लहानपणी झांजा मीच वाजवायची.

“अम्मी, रडतेस?” मुलीनं विचारलं.

म्हटलं, “उद्याची गोष्ट आधी सांगू नकोस.”