शिमल्याची विरळ हवा व नांदेडचें ऊन

दिनांक 27 एप्रिल 2017 रोजीं ‘उडान’ योजनेखालीं शिमल्याहून दिल्लीस विमान निघालें. त्याच समारंभांत नांदेड-हैदराबाद विमानसेवेसही आरंभ झाला. परंतु दोन्ही स्थळांचें भाग्य सारखें नव्हे.

शिमल्याजवळील जुब्बरहट्टीचा विमानतळ डोंगरमाथा सपाट करून सुमारें 5,000 फूट उंचीवर बांधलेला आहे. सारख्या उष्णमानांत तेथील हवा नांदेडपेक्षां सुमारें अष्टमांशानें विरळ. हवा विरळ असली कीं पंखांस पुरेसा आधार मिळण्यासाठीं विमानास अधिक वेगानें धावावें लागतें. उलट इंजिनाचा जोर मात्र त्याच विरळ हवेमुळें घटतो. अर्थात् धावपट्टी लांब हवी, आणि नेमकी तीच तेथें आखूड! सुमारें 1,200 मीटर, नांदेडची 2,300. मग भार कमी करणें हाच उपाय. कित्येक आसनें रिकामीं ठेवून उडावयाचें म्हणजे उत्पन्न बुडालेंच. 2012 नंतर कांहीं वर्षें ही सेवा बंदच होती. ‘उडान’मध्यें तोटा भरून देण्याची तजवीज झाली तेव्हां ती पुनः सुरू झाली.

हवा उष्णतेनेंही विरळ होते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. मे महिन्यांत भरदुपारीं पारा 43 अंशांवर चढला म्हणजे आपल्या नांदेडची हवा, 5 अंश उष्णमानाच्या दिवशीं जुब्बरहट्टीस असते, जवळजवळ तितकीच विरळ असते. धावपट्टी लांब आहे म्हणून निभावतें.