पाणी चढण्याआधी रुग्ण हलवा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्याच महापुरात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी रस्ताच बंद होतो. आम्ही परिचारिका जाणतो, रुग्ण वेळेत पोहोचला तरच खाटेचा उपयोग.

म्हणून आपल्या रुग्णालयाची तयारी आधीच विचारू या. जनरेटर तळमजल्यावर आहे की वर? ऑक्सिजन, रक्त, सर्पदंशाची इंजेक्शने किती दिवस पुरतील? रंगीत तालीम कधी झाली? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांना लेखी विचारू या. ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे.

आपल्या कित्येक वस्त्या नदीकाठी, सखल जागी आहेत. बुद्ध पौर्णिमेला प्रत्येक विहारात एक वही करू या: दिवस भरत आलेल्या भगिनी, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले. आषाढी पौर्णिमेला ती ताजी करू. नदी इशारा पातळीकडे सरकू लागली, डोंगरभागात अतिवृष्टीचा इशारा आला, की या माणसांना सर्वांत आधी हलवायचे. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर लेप्टोची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा.

जय भीम!